पुसलेला फळा आणि 20 जुलैचा योगायोग

वाचकाचे पत्र

मी 68 वर्षांचा निवृत्त लेखनिक असून कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालमीच्या भिंतीवर एक फळा आहे आणि त्यावर गेली 5 वर्षे मी रोज सकाळी 'आजचे नवल' या मथळ्याखाली चार ओळी लिहितो. इतिहासातले योगायोग, खाण्यापिण्यातल्या आणि निसर्गातल्या चमत्कारिक गोष्टी असा तो मजकूर असतो. गेल्या महिन्यात मी लिहिले, '18 ऑगस्ट 1868 रोजी लॉकयर साहेबाने आपल्या विजयदुर्गावरून सूर्यग्रहण पाहताना हेलियमचा शोध लावला.' संध्याकाळी शेजारची अकरावीतली मुलगी चारचौघांत म्हणाली, 'आजोबा, तो माणूस त्या दिवशी इंग्लंडात होता.' घरी येऊन शोधले, तर तिचेच खरे निघाले. दुसऱ्या दिवसापासून पोरे विचारू लागली, 'काय आजोबा, आज तरी खरं लिवलंय न्हवं?' मी फळा पुसला, तो 3 आठवडे कोराच आहे.

आणखी एक सल आहे. माझी आई दर आषाढीला इथल्या जवळच्या नंदवाळला विठ्ठलाच्या दर्शनासाठी चालत जायची. 2002 साली ती आषाढी एकादशीलाच वारली. 2021 साली माझा नातू आषाढी एकादशीलाच जन्मला आणि दोन्ही वेळा तारीखही 20 जुलैच होती. तिथीही तीच आणि तारीखही तीच, हा दुहेरी योगायोग आम्ही घरात कौल मानत आलो. आता वाटते, तेही त्या लॉकयरसारखेच निघायचे काय? फळा लिहावा की सोडावा आणि मनातले हे खरे धरावे की नाही, ते सांगावे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

फळा लिहावा, हे आधीच सांगून टाकतो. पाच वर्षांत आपण हजाराहून अधिक नवले लिहिली असतील, त्यांतले एक चुकले आणि ते चुकल्याचे गल्लीतल्या एका मुलीला कळले, याचा अर्थ फळा कोणीतरी लक्षपूर्वक वाचत होते. चूक न कळता वर्षानुवर्षे पुढे जाणारे फळे मी पुष्कळ पाहिले आहेत. मात्र पुन्हा खडू हातात घेण्यापूर्वी चूक नेमकी कोठे झाली, हे पाहावे लागेल, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्याच वाटेवर आहे.

त्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे, पण आपले लिहिणे सगळेच खोटे नव्हते. 18 ऑगस्ट 1868 चे खग्रास ग्रहण आपल्या भागातून गेले, हे खरे आहे. सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून देशावर चढला आणि पुढे आंध्राच्या किनाऱ्याकडे गेला. कोल्हापूरही त्या पट्ट्यात होते, आणि त्या ग्रहणाची निरीक्षणे जमखंडी, विजापूर व गुंटूर येथे झाली. गुंटूरला पिएर जान्सेन नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश फोडून पाहिल्यावर उमटणाऱ्या तेजस्वी रेषा (यांवरूनच मूलद्रव्य ओळखतात) त्यांना इतक्या ठळक दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असे त्यांच्या मनात आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तसे करून दाखवले. इकडे नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण न पाहताच, 20 ऑक्टोबर 1868 रोजी तीच युक्ती स्वतंत्रपणे साधली. आता खरे नवल ऐका. भारतातून निघालेले जान्सेन यांचे पत्र आणि इंग्लंडहून गेलेले लॉकयर यांचे निवेदन, ही दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, 26 ऑक्टोबर 1868 रोजी, मांडली गेली. मान कोणाचा, हा वाद न घालता फ्रेंच सरकारने पुढे दोघांचेही चेहरे असलेले एकच पदक पाडले. त्या प्रकाशातील एक पिवळी रेषा कोणत्याही परिचित मूलद्रव्याची नाही, हे लॉकयर यांनी ओळखले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर तो वायू विल्यम रॅम्झी यांच्या हाती लागला तो 1895 साली.

मग विजयदुर्ग कोठून आला? लॉकयर विजयदुर्गाला खरोखरच आले होते, पण 30 वर्षांनंतर, 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. लोकांच्या आठवणीत साहेब राहिला, किल्ला राहिला, ग्रहण राहिले. मधली 30 वर्षे तेवढी गळली आणि दोन ग्रहणांची मिळून एक गोष्ट झाली. गोधडीतला प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी खऱ्या लुगड्याचा असतो, पण म्हणून गोधडी म्हणजे लुगडे नव्हे. आपण लिहिलेले वाक्य तसे शिवलेले होते आणि ते आपण शिवलेले नव्हते, आपल्याकडे आयतेच आले. ते मूळ वाक्य आणि पॅरिसची ती बैठक शेजारी शेजारी ठेवून पाहा. चुकलेल्या नवलापेक्षा त्याची दुरुस्तीच अधिक नवलाची आहे, असे मला वाटते.

योगायोगांच्या बहुतेक प्रसिद्ध याद्या अशाच शिवलेल्या असतात. लिंकन आणि केनेडी यांची यादी आपण एकदा तरी फळ्यावर लिहिली असणार. दोघे 1846 आणि 1946 साली काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आले, 1860 आणि 1960 साली अध्यक्षपदी निवडून आले, दोघांच्या मागून आलेल्यांचे आडनाव जॉन्सन, हे सारे खरे आहे. केनेडींच्या चिटणीस बाईंचे आडनाव लिंकन होते, हेही खरे आहे. पण लिंकनच्या चिटणिसाचे आडनाव केनेडी होते, हा जो तुकडा यादीला जोडला जातो, त्याला आधार नाही. लिंकनचे चिटणीस 'निकोले' आणि 'हे' अशा आडनावांचे होते. चांगली चाललेली यादी पूर्ण गोल व्हावी, या मोहापायी कोणीतरी तो शिवला. म्हणून एखादे नवल फारच चोख जुळत असेल, तर सर्वांत सुंदर टाका कोणता ते पाहावे आणि संशयाची सुई आधी त्याच्यावर ठेवावी.

तारखांच्या बाबतीत तर मी स्वतः पोळलेलो आहे. शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस एकाच दिवशी, 23 एप्रिल 1616 रोजी वारले, असे मी अनेक वर्षांपूर्वी एका मासिकात मोठ्या झोकात लिहिले होते. आठवड्यात एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. त्या काळी स्पेनमध्ये नवी ग्रेगोरियन दिनदर्शिका चालू होती आणि इंग्लंड जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवर अडून बसले होते, त्यामुळे तारीख एक असली तरी शेक्सपिअर 10 दिवस मागून गेला. शिवाय सर्व्हान्तेसचा मृत्यू आदल्या दिवशी, 22 तारखेला झाला आणि 23 ला दफन झाले, असे अभ्यासक मानतात. म्हणजे माझा योगायोग दोन्ही बाजूंनी कोसळला. ते कार्ड मी अजून जपून ठेवले आहे, कारण 'कोणत्या पंचांगाने?' हा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक तारखेला विचारतो. शिवजयंती तिथीने की तारखेने, यावर कट्ट्याकट्ट्यावर चर्चा करणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रश्न खरे तर आधी सुचायला हवा.

योगायोग किती स्वस्त असतात, हे पाहायचे असेल तर आपल्याच संस्थानाच्या इतिहासातून एक तयार करून दाखवतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासातून परतताना इटलीतील फ्लॉरेन्स येथे 30 नोव्हेंबर 1870 रोजी वारले, तेव्हा ते अवघे 20 वर्षांचे होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले आणि 1874 साली तेथे त्यांचे स्मारक उभे राहिले. मस्तकावर छत्री असलेला तो अर्धपुतळा आजही तेथे आहे, आणि जवळच्या पुलाला तेथील लोक 'भारतीयाचा पूल' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. त्याच 1874 साली, 26 जूनला, पुढे शाहू महाराज झालेल्या बालकाचा जन्म झाला. येथपर्यंत अंगावर काटा येण्यासारखे आहे आणि हा शेवटचा योगायोग आपण फळ्यावर लिहायला माझी हरकत नाही. पण आता पुढे ऐका. विन्स्टन चर्चिल यांचा जन्म कधीचा? 30 नोव्हेंबर 1874. महाराजांच्या मृत्यूची तारीख आणि स्मारकाचे वर्ष, दोन्ही एकाच माणसात जुळली! मार्क ट्वेनचा जन्म 30 नोव्हेंबर 1835 चा, जगदीशचंद्र बोस यांचा 30 नोव्हेंबर 1858 चा. यातून काय निघते? काहीही नाही. जगात नामवंत माणसे हजारो झाली आणि वर्षात दिवस 365 च आहेत, त्यामुळे कोणतीही तारीख हाती घेतली की कोणी ना कोणी तिथे बसलेला सापडतोच. शोधणाऱ्याने किती ठिकाणी हात घालून पाहिला, हे योगायोग सांगताना कोणी सांगत नाही.

याचे गणितही सोपे आहे. एका खोलीत 23 माणसे जमली, तर त्यांतल्या कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते. 40 माणसे असतील, तर दहांपैकी जवळजवळ नऊ वेळा जोडी जुळते. तालमीत सकाळी जमणाऱ्या मंडळींवर हा प्रयोग अवश्य करून पाहा. कारण असे आहे की, आपण एका माणसाची तारीख जुळवत नसतो, तर प्रत्येकाची प्रत्येकाशी जुळवत असतो, आणि 23 माणसांत अशा जोड्या 253 होतात. कोणत्याही मोठ्या घराची जन्म-मृत्यूंची वही उघडली, तर एखादी जोडी तिच्यात निघणारच.

आता आपल्या मातोश्रींकडे येतो. हा विषय मी मुद्दाम इतका वेळ मागे ठेवला होता. आपण लिहिता की तिथी जुळली हा एक योगायोग आणि तारीख जुळली हा दुसरा. 2002 आणि 2021 यांत अंतर किती? 19 वर्षे. चंद्राचे 235 महिने आणि सूर्याची 19 वर्षे ही दोन्ही मापे जवळजवळ सारखी भरतात, त्यांत फरक सुमारे दोन तासांचाच पडतो. त्यामुळे आज जी तिथी ज्या तारखेला आहे, ती 19 वर्षांनी फिरून त्याच तारखेला किंवा फार तर एक दिवस अलीकडे-पलीकडे येते. प्राचीन ग्रीसमधील मेटन नावाच्या ज्योतिर्विदाच्या नावाने हे चक्र ओळखले जाते. आपल्या घरातल्या कोणाचाही 19 वा, 38 वा किंवा 57 वा वाढदिवस जुन्या पंचांगाशी ताडून पाहिलात, तर तिथी आणि तारीख पुन्हा एकमेकींना भेटलेल्या दिसतील. म्हणजे नातू आषाढीला जन्मला, एवढा एकच योगायोग आहे. वर्ष 2021 होते म्हटल्यावर 20 जुलै ही तारीख त्याच्या पाठोपाठ आपोआप आली. तो दुहेरी नाही, हे मला सांगावेच लागेल.

मात्र येथे लॉकयरची तुलना लागू पडत नाही. तेथे सांगितलेली घटना घडलीच नव्हती, आपल्या घरात ती घडलेली आहे. आई आषाढीला गेली, नातू आषाढीला आला, यातला एकही टाका उसना नाही. गणित एवढेच सांगते, की अशा जोड्या घरोघरी निघतात. आपल्या घरी हीच जोडी का निघाली, यावर ते काही बोलत नाही. त्या दिवशी आपल्याला आईची आठवण झाली आणि ती दरवर्षी होते, यासाठी कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. त्याला कौल म्हणावे की नाही, हा आपल्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि त्यात मी पडणार नाही. फक्त हे नवल फळ्यावर लिहू नये, असे माझे मत आहे. फळ्यावरचे सर्वांनी तपासायचे असते. घरातले तसे नसते.

फळ्यासाठी मजकूर कमी पडणार नाही. जे दिसते योगायोगासारखे, पण ज्याच्या पोटात कारण आहे, असे विषय आपल्या पेठेच्या अवतीभवतीच आहेत. अंबाबाईच्या किरणोत्सवाचेच पाहा. मावळतीची किरणे मूर्तीपर्यंत पोचण्याचे दिवस 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी असे परंपरेने मानले जातात. आता 21 डिसेंबरपासून मागे आणि पुढे दिवस मोजा. 9 नोव्हेंबर 42 दिवस मागे आहे आणि 2 फेब्रुवारी 43 दिवस पुढे, 11 नोव्हेंबर 40 दिवस मागे आणि 31 जानेवारी 41 दिवस पुढे. सूर्य दक्षिणेकडे जाताना क्षितिजावरच्या ज्या जागी मावळतो, त्याच जागी परतताना पुन्हा मावळतो, आणि बांधणाऱ्यांनी ती जागा दारांच्या रांगेत पकडून ठेवली आहे. ढग आणि वाटेतल्या इमारती आड आल्या नाहीत, तर किरणे आपले काम चोख करतात. हे फळ्यावर आकृती काढून दाखवता येईल. पोरे वाचतीलच, पण मोजूनही पाहतील.

याउलट, ज्याच्या पोटात कारण नाही असा शुद्ध योगायोग हवा असेल, तर ग्रहणाकडेच परत यावे. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे 400 पट आहे आणि सूर्य चंद्राच्या सुमारे 400 पट दूर आहे, म्हणूनच चंद्राची टिकली सूर्यावर बरोबर बसते. चंद्र दरवर्षी सुमारे 3.8 सेंटिमीटर दूर सरकतो आहे, तेव्हा कोट्यवधी वर्षांनी ती टिकली लहान पडेल. लॉकयर आणि जान्सेन यांच्यापासून आपल्यापर्यंत सारे जण योग्य काळात जन्मलो, एवढेच.

खाण्यापिण्यातले एक नवल मी आषाढीसाठी राखून ठेवले असते. 'एकादशी, दुप्पट खाशी' असे आपण म्हणतो, पण त्या दुपटीतले किती आपले आहे? साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटा तिथलाच, हिरवी मिरची अमेरिका खंडातली, रताळे आणि राजगिराही त्याच बाजूचे. ही सगळी मंडळी पोर्तुगीज व इतर दर्यावर्दींच्या मागोमाग 1498 नंतर आपल्याकडे उतरली. बटाटा हे नावसुद्धा आपण पोर्तुगीजांकडूनच घेतले. ज्ञानेश्वर माउलींनी 1296 साली समाधी घेतली, तेव्हा त्यांच्या काळच्या वारकऱ्याने एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली असणे शक्य नाही. वरीचे तांदूळ आणि शिंगाडे मात्र जुने आहेत. हे लिहाल त्या दिवशी घरातून बोलणी खावी लागतील, त्याची तयारी ठेवावी.

आणि ज्या तिखटाच्या नावावर कोल्हापूर जगते, त्या तांबड्या रश्श्यातली मिरचीही पाहुणीच आहे. तिच्या आधी येथे तिखटपणा मिरीचा होता, आणि मिरचीला नावही मिरीवरूनच मिळाले. पोपटाला मिरची झोंबत नाही, कारण तिच्यातील कॅप्सेसिन हे द्रव्य पक्ष्यांना जाणवतच नाही. दातांनी बी चावून टाकणारे सस्तन प्राणी दूर राहावेत आणि बी अखंड गिळून लांबवर टाकणारे पक्षी जवळ यावेत, ही त्या झाडाची सोय आहे. माणसाने ती हाणून पाडली, त्यातही आपल्या जिल्ह्याचा वाटा मोठा असावा.

राहिला प्रश्न पोरांच्या चेष्टेचा. ती चेष्टा कोऱ्या फळ्याने थांबणार नाही, उलट कोरा फळा रोज तेच आठवून देतो. दुरुस्ती त्याच जागी आणि चुकीइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहावी. 'नजरचुकीने' हा शब्द वापरू नये, कारण ती नजरचूक नव्हती. त्या मुलीला घरी बोलवावे, तिने हे कोठे वाचले ते विचारावे आणि तिची आणि तिच्या घरच्यांची हरकत नसेल, तर तिचे नाव खाली घालावे. आठवड्यातला एक दिवस तिला लिहायला दिलात, तरी चालेल. अकरावीच्या अभ्यासातून तिला वेळ मिळाला, तर ती नकार देईल असे वाटत नाही. पहिल्या दिवसाचा मजकूर मी सुचवतो, आपल्या अक्षरात तो अधिक शोभेल:

'आजचे नवल: लॉकयर विजयदुर्गाला आले ते 1868 साली नव्हे, तर 1898 साली. 1868 चे ग्रहण त्यांनी पाहिलेच नव्हते. तरीही त्यांचे निवेदन आणि गुंटूरला ग्रहण पाहिलेल्या जान्सेन यांचे पत्र पॅरिसमध्ये एकाच दिवशी पुढे आले. मागे येथे चुकीचे लिहिले होते. ते कोणी दाखवून दिले, ते खाली वाचा.'